तागांकाची खुर्ची

मॉस्कोतल्या तागांका थिएटरची गोष्ट सांगायची एक ठरलेली पद्धत आहे. युरी ल्युबिमोव नावाचा बंडखोर दिग्दर्शक, सोबत गिटार घेतलेला व्लादिमीर विसोत्स्की, आणि समोर सोव्हिएत सरकार. सरकार नाटकं बंद पाडतं, दिग्दर्शकाचं नागरिकत्व काढून घेतं, मग सरकारच डळमळतं आणि दिग्दर्शक परत येतो. टाळ्या, पडदा. इंटरनेटवर तागांकाबद्दल जे सापडतं त्यातलं बरंचसं याच साच्यातलं असतं, आणि त्यात खोटं काही नाही.

फक्त ते अर्धवट आहे. कारण पडदा पडल्यावरही नाटक चालूच राहिलं. परत आलेल्या दिग्दर्शकाविरुद्ध त्याचेच नट उभे राहिले. 1993 साली थिएटरचे दोन तुकडे झाले. 2011 साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, उरलेल्या तुकड्यातल्या नटांशी पैशावरून वाजलं आणि ल्युबिमोव कायमचा निघून गेला. या भांडणात सेन्सॉर नव्हता, पक्ष नव्हता, मंत्रालयाचा दबाव नव्हता. मग होतं काय?

म्हातारपणचा तिरसटपणा, नव्वदच्या दशकातली महागाई, नटांचा कृतघ्नपणा, अशी उत्तरं दिली जातात. मला ती पुरेशी वाटत नाहीत. तागांकाला तोडणारी गोष्ट तागांकाच्या सगळ्यात चांगल्या नाटकांच्या आतच होती असं मला वाटतं. ती नाटकं ज्या रीतीने घडली, त्या रीतीत दुसऱ्या दिग्दर्शकासाठी जागाच ठेवलेली नव्हती. म्हणून ही गोष्ट एका माणसाची म्हणून न वाचता त्याच्या खुर्चीची म्हणून वाचून बघू. त्या खुर्चीवर आधी कोण होतं, मग कोण आलं, आणि आलेल्याचं काय झालं.

त्याआधी एक खुलासा. व्यावसायिक मराठी नाटकाची सवय असलेल्या प्रेक्षकाला रशियन थिएटरची रचना पटकन लक्षात येत नाही. तिथे ‘थिएटर’ म्हणजे नुसती इमारत नव्हे आणि एखादं नाटकही नव्हे. पगारी नटांचा कायम संच, त्यांची स्वतःची वास्तू, शिवणकाम-सुतारकामाचे विभाग आणि एकाच वेळी चालू असलेली पंधरा-वीस नाटकं, हे सगळं मिळून थिएटर होतं. आज ‘हॅम्लेट’, उद्या दुसरं काही, परवा तिसरं. नाटकं वर्षानुवर्षं चालतात, नट त्याच संचात म्हातारे होतात. आणि वर दोन माणसं बसलेली असतात. एकाला रशियनमध्ये ‘दिरेक्तर’ म्हणतात. तो कारभारी: पैसा, इमारत, सरकारी कागद. दुसरा मुख्य दिग्दर्शक. कोणतं नाटक करायचं, कोणाला घ्यायचं, कोणाला कोणती भूमिका द्यायची हे तो ठरवतो. तागांकात ल्युबिमोवच्या काळात कारभारी होता निकोलाय दुपाक. हा स्वतः नट, महायुद्धात लढून आलेला. वरच्या साहेबांकडून बोलणी खाणं हा त्याच्या नोकरीचा भाग होता. त्याच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. इथे विषय दुसऱ्या खुर्चीचा आहे.

त्या खुर्चीवर बसलेला पहिला माणूस आज कोणाला आठवत नाही. तागांकाच्या जागी 1946 साली ‘मॉस्को नाट्य व विनोदिका थिएटर’ सुरू झालं, त्याचा मुख्य दिग्दर्शक अलेक्सांद्र प्लोत्निकोव. इमारत जुनी, पूर्वीच्या सिनेमागृहाची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे प्रेक्षक यायचे बंद झाले होते. म्हणजे ल्युबिमोवला ही खुर्ची मिळाली ती कोणी त्याचा गौरव करायचं ठरवलं म्हणून नव्हे. ती एका बुडत्या दुकानाची किल्ली होती.

तेव्हा ल्युबिमोव काही तरुण बंडखोर नव्हता. 1917 चा जन्म, म्हणजे सेहेचाळीस वर्षांचा. वाख्तांगोव थिएटरातला यशस्वी नट, देखणा, स्टालिनच्या काळातलं राज्य पारितोषिक मिळवलेला. युद्धाच्या काळात तो चक्क गुप्त पोलीस खात्याच्या गाणी-नाच पथकात होता. नंतर श्चुकिन नाट्यविद्यालयात शिकवायला लागला, आणि 1963 साली तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्याने ब्रेख्तचं ‘सेत्झुआनची भली बाई’ बसवलं. (हेच नाटक व्यंकटेश माडगूळकरांनी ‘देवाजीने करुणा केली’ म्हणून मराठीत आणलं.) रिकामा रंगमंच, गाणी, नट थेट प्रेक्षकांकडे वळून बोलतायत. भिंतीआड घडणारं घरगुती वास्तव बघायला सरावलेल्या मॉस्कोला हे भलतंच ताजं वाटलं. विद्यार्थ्यांचा प्रयोग शहरभर गाजला, आणि 1964 साली त्या विद्यार्थ्यांसकट ल्युबिमोवला बुडतं थिएटर देण्यात आलं. 23 एप्रिल हा तागांकाचा वाढदिवस मानतात, आणि त्याची सुरुवात याच ‘भल्या बाई’ने होते.

फोयरमध्ये चित्रं टांगली गेली: ब्रेख्त, वाख्तांगोव, मायरहोल्ड आणि स्तानिस्लाव्स्की. शेवटचं नाव वरच्यांचं समाधान व्हावं म्हणून आलं असं सांगतात. खरं धाडस तिसऱ्यात होतं. मायरहोल्डला 1940 साली गोळी घातलेली, पुढे कित्येक वर्षं त्याचं नाव उच्चारायची सोय नव्हती. त्याचं चित्र भिंतीवर लावणं म्हणजे आम्ही कोणाचे वारस आहोत हे तिकीट फाडायच्या आधीच सांगणं.

तिकीट फाडणं हेही तागांकात साधं नव्हतं. 1965 च्या ‘जगाला हादरवणारे दहा दिवस’ या नाटकात दारावर क्रांतीच्या काळातल्या सैनिकांच्या वेशातले नट उभे असत आणि तुमचं तिकीट बंदुकीच्या संगिनीवर टोचून घेत. आत ॲकॉर्डियन, गाणी. नाटक कुठे सुरू झालं हे कळायच्या आत तुम्ही त्यात असायचा.

यानंतरची पंधरा वर्षं तागांकाचा सुवर्णकाळ. नाटकांची यादी देत बसत नाही; त्यांची रीत महत्त्वाची, आणि ती समजायला तीन प्रतिमा पुरतात.

पहिली 1967 मधल्या ‘पुगाचोव’ची. येसेनिनचं काव्यनाट्य, विषय अठराव्या शतकातलं शेतकऱ्यांचं बंड. रंगमंचावर फक्त लाकडी फळ्यांचा एक तीव्र उतार, आणि खाली ओंडका, ज्यात कुऱ्हाडी रुतलेल्या. नट उघड्या अंगाने त्या उतारावर चढतात, आणि पुन्हा पुन्हा घसरून ओंडक्याकडे येतात. बंडाचं काय होणार हे संवादांच्या आधी त्या उतारानेच सांगून टाकलेलं असतं.

दुसरी 1971 च्या ‘इथल्या पहाटा शांत आहेत’ची. युद्धावर पाठवलेल्या मुलींची गोष्ट. नेपथ्यकार डेव्हिड बोरोव्स्कीने मंचावर एका लष्करी ट्रकचा सांगाडा ठेवला. त्याच्या फळ्या सुट्या होत, टांगल्या जात, उभ्या राहत. त्याच फळ्या कधी न्हाणीघर, कधी जंगल, कधी दलदल, आणि शेवटी एकेका मुलीचं मरण.

तिसरी त्याच वर्षीच्या ‘हॅम्लेट’ची, आणि ही सगळ्यात प्रसिद्ध. लोकरीने विणलेला एक अवाढव्य, जड पडदा, मंचावर कुठल्याही दिशेने सरकणारा. तो राजवाड्याची भिंत होतो, सिंहासनाची पाठ होतो, हेरांना लपवतो, आणि चालत येऊन माणसांना पुसून टाकतो. सुरुवातीला मागच्या भिंतीशी काळ्या स्वेटरमधला विसोत्स्की गिटार घेऊन बसलेला. तो उठून पुढे येतो आणि पास्तरनाकची ‘हॅम्लेट’ ही कविता गातो. ही कविता ‘डॉक्टर झिवागो’च्या शेवटी येते, आणि ती कादंबरी त्या वेळी सोव्हिएत संघात छापलेली नव्हती. प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला हे माहीत. विसोत्स्की हा टेपवरून टेपवर उतरवून घरोघर ऐकला जाणारा गायक. त्याच्या गाण्यांच्या सरकारी रेकॉर्ड फार थोड्या. असा माणूस अशी कविता गातोय म्हटल्यावर नाटकाचा अर्थ शेक्सपिअरच्या पहिल्या ओळीआधीच ठरून जायचा. या प्रयोगाचे चित्रित तुकडेच उरले आहेत, यूट्यूबवर सापडतात. आवाज फाटलेला, चित्र धुरकट. तरीही तो पडदा चालायला लागला की अंगावर येतो.

आता या तिन्ही प्रतिमांत एक गोष्ट समान आहे. उतार, ट्रक, पडदा. नाटकाचा मुख्य विचार नटाच्या आत नाही, नटाच्या भोवती आहे. नट जीव तोडून काम करतोय, अंग फोडून घेतोय. पण तो ज्या वाक्याचा शब्द आहे ते वाक्य दिग्दर्शकाने लिहिलेलं आहे. हा दोष म्हणून मी सांगत नाही. मोठी नाटकं अशीही होतात. पण या रीतीची एक किंमत असते, आणि ती ताबडतोब भरावी लागत नाही.

किंमत काय, हे एका वस्तूत दिसतं. ल्युबिमोव प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहाच्या मागे उभा राहायचा, हातात रंगीत काचांची टॉर्च. हिरवा दिवा म्हणजे ठीक चाललंय. लाल म्हणजे बिघडतंय, सुस्तावलात, लय पकडा. हे तालमीत नव्हे, भरल्या प्रयोगात, आणि तेही वर्षानुवर्षं. म्हणजे तागांकाचा नट प्रेक्षकांकडे तोंड करून बोलत असे तेव्हा खरं तर त्याची नजर प्रेक्षकांच्या डोक्यावरून त्या ठिपक्याकडे जात असणार. यातून नटांना जबरदस्त ऊर्जा मिळाली असं त्यांनीच सांगितलंय. पण उद्या टॉर्च धरणारा हात नसेल तर? या नटांना कोणी दिव्याशिवाय चालायला शिकवलं होतं का?

विसोत्स्की, अल्ला देमिदोवा, वालेरी झोलोतुखिन, लिओनिद फिलातोव, वेनियामिन स्मेखोव ही काही कठपुतळ्यांची नावं नाहीत, असं कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. विसोत्स्कीचं तर थिएटरबाहेर अख्खं स्वतंत्र राज्य होतं. पण त्याचा हॅम्लेट जिंकतो तो त्या पडद्याशी झुंजत असल्यामुळे. दिग्दर्शकाच्या वाक्यात राहून त्या वाक्याला विरोध करू शकणारा नट हजारात एक. बाकीचे ते वाक्य उत्तम उच्चारत होते.

सरकारशी झालेला झगडा हा या काळाचा दुसरा धागा. कुठलंही नाटक लोकांसमोर येण्याआधी अधिकाऱ्यांना दाखवावं लागे. ते बघत, टिपणं काढत, बदल सुचवत, पुन्हा बघत. बोरिस मोझायेवच्या कथेवरचं ‘जिवंत’ हे सामूहिक शेतीला वैतागलेल्या एका खटपट्या शेतकऱ्याचं नाटक 1968 साली तयार झालं. संस्कृतिमंत्री फुर्त्सेवाने ते बघितलं आणि बंद केलं. ते लोकांना दिसलं 1989 मध्ये, एकवीस वर्षांनी. मुख्य भूमिकेत तोच झोलोतुखिन, दोन दशकांनी मोठा झालेला.

पण इथेही कथेचा साचा थोडा ढिला करावा लागतो. तागांका हे सरकारी थिएटर होतं. नटांचा पगार सरकारचा. 1977 साली ते फ्रान्सच्या दौऱ्यावर गेलं. 1980 च्या सुमारास त्याला शेजारी नवी कोरी, लाल विटांची मोठी इमारत मिळाली, तीही सरकारच्या पैशाने. 1981 च्या ‘तीन बहिणी’मध्ये ल्युबिमोवने त्या नव्या रंगमंचाची एक भिंत उघडी केली: नाटकाच्या मध्येच भिंत सरकते आणि बाहेर खरं मॉस्को दिसतं, वाहता रस्ता. ज्या शहरात जायचं म्हणून बहिणी जन्मभर तळमळतात ते हे असं, तुमच्याच ट्रॉलीबसचं. चेखवच्या इतक्या प्रयोगांत मला याहून खवचट कल्पना माहीत नाही. सत्तेने त्याला छळलं आणि सत्तेनेच त्याला भिंत उघडणारी इमारत दिली. दोन्ही खरं. शत्रूच्या पैशावर उभं राहून शत्रूशी भांडणं हा तागांकाचा रोजचा व्यवहार होता, आणि त्या भांडणामुळे आतली भांडणं झाकली जात होती.

25 जुलै 1980 रोजी, मॉस्कोत ऑलिम्पिक चालू असताना, विसोत्स्की वारला. वय 42. वर्तमानपत्रांत जेमतेम ओळ, पण तागांका चौकात माणसांचा समुद्र. त्याच्यावर ल्युबिमोवने केलेलं नाटक 1981 साली बंद. पुढच्या वर्षी पुश्किनचं ‘बोरिस गोदुनोव’ बंद. 1983 मध्ये लंडनला ‘गुन्हा आणि शिक्षा’ बसवायला गेलेल्या ल्युबिमोवने तिथल्या वृत्तपत्राला खरमरीत मुलाखत दिली. मार्च 1984 मध्ये त्याला पदावरून काढलं, जुलैमध्ये नागरिकत्व काढून घेतलं. पोस्टरवरून त्याचं नाव गेलं. नाटकं काही काळ चालूच होती, फक्त ती कोणी बसवली हे पोस्टर सांगत नव्हतं.

आणि त्या खुर्चीवर आणून बसवण्यात आलं अनातोली एफ्रोसला.

इथे थांबावं लागतं. कारण सरकारने एखादा सुमार होयबा पाठवला असता तर गोष्ट सोपी होती. एफ्रोस हा ल्युबिमोवच्या तोडीचा दिग्दर्शक, काहींच्या मते वरचढ. आणि अगदी उलट टोकाचा. त्याचं सगळं नाटक नटाच्या आत. त्याच्या प्रयोगांत माणसं सतत हलत असतात, बोलता बोलता एकमेकांभोवती फिरतात. बाहेरून साधं दिसणारं वाक्य आत कुठे दुखतंय ते त्या हालचालीतून समजतं. त्याच्या पुस्तकाचं नावच ‘तालीम हेच माझं प्रेम’. ल्युबिमोवचं प्रेम प्रयोगावर, त्या टॉर्चच्या दिव्यावर. एफ्रोसचं तालमीवर.

त्याचा स्वतःचा इतिहासही सुखाचा नव्हता. साठच्या दशकात तो दुसऱ्या एका थिएटरचा मुख्य दिग्दर्शक होता. 1967 मध्ये त्याला तिथून काढलं. पुढची सतरा वर्षं तो मालाया ब्रोन्नाया थिएटरात काम करत होता, पण खुर्चीवर दुसराच कोणी. तिथे त्याने रशियन रंगभूमीवरची काही अप्रतिम नाटकं केली आणि शेवटी तिथल्या नटांशीही बिनसलं. म्हणजे 1984 साली त्याला जे देऊ केलं गेलं ते त्याला सतरा वर्षं मिळालेलं नव्हतं: स्वतःचं घर. ते घर दुसऱ्याच्या हातून हिसकावलेलं होतं, हे त्याला दिसत नव्हतं का? दिसत असणारच. पण पन्नाशी ओलांडलेल्या, हृदयविकार असलेल्या माणसाने ही शेवटची संधी नाकारायला हवी होती असं आज खोलीत बसून लिहिताना माझी जीभ अडखळते.

शिवाय तो तागांकाला परका नव्हता. 1975 मध्ये, ल्युबिमोव मिलानला ऑपेरा करत होता तेव्हा, त्याच्याच निमंत्रणावरून एफ्रोसने इथे ‘चेरीची बाग’ बसवलं होतं. पांढऱ्या मंचावर थडग्यांची टेकडी, देमिदोवा रानेव्स्काया, विसोत्स्की लोपाखिन. बाग विकत घेणारा हा लोपाखिन तिच्या मालकिणीवर जीव टाकतो, आणि म्हणून जिंकल्याच्या क्षणी वेडापिसा होतो. विसोत्स्कीच्या मोठ्या भूमिकांत हिची गणना होते. ल्युबिमोव परत आला आणि त्याला नाटक आवडलं नाही. या नावडीकडे लोकांनी फारसं लक्ष दिलेलं नाही. माझ्या मते तिथे सगळं आहे. त्या नाटकात तागांकाचे नट दिव्याशिवाय चालत होते.

1984 साली मात्र त्या आठवणीचा उपयोग झाला नाही. नटांनी एफ्रोसचं स्वागत मौनाने केलं. काही जण त्याच्यासोबत राहिले: देमिदोवा, झोलोतुखिन. काही जण गेले: फिलातोव, स्मेखोव आणि आणखी एक नट ‘सोव्रेमेनिक’ या दुसऱ्या थिएटरात दाखल झाले. एफ्रोसच्या गाडीचे टायर फोडले गेले, कोट फाडला गेला अशा गोष्टी त्या काळच्या आठवणींत वारंवार येतात. 1986 मध्ये सोव्रेमेनिकच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात सोडून गेलेल्या तागांकावाल्यांनी त्याची जाहीर टिंगल केली. एफ्रोस काम करत राहिला. गॉर्कीचं ‘तळागाळ’, अलेक्सिएविचच्या पुस्तकावरचं ‘युद्धाला बाईचा चेहरा नाही’, मोलिएरचं ‘मिझान्थ्रोप’, ज्यात झोलोतुखिन आल्सेस्त. म्हणजे माणसांच्या ढोंगाला कंटाळून एकटा पडलेल्या माणसाचं नाटक. हे त्याने मुद्दाम निवडलं का, असं विचारायचीही गरज नाही.

13 जानेवारी 1987 रोजी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय 61.

नटांनी त्याला मारलं असं म्हणणारे लोक आजही आहेत. मी तसं म्हणणार नाही; त्याचं हृदय आधीपासून दुखावलेलं होतं, आणि त्याला त्या जागी ढकलणारे हात सरकारी होते. पण नटांची निष्ठा कितीही खरी असली तरी तिचा मारा चुकीच्या माणसावर झाला, एवढं तर म्हणावंच लागेल. मंत्रालयाला बोलता येत नव्हतं म्हणून जो समोर तालमीला येऊन बसत होता त्याला बोलले. फिलातोवने पुढे याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. ते सगळ्यांना जमलं नाही.

आणि तरीही मला वाटतं, निष्ठेच्या खाली आणखी काहीतरी होतं: भीती. एफ्रोस त्यांना म्हणत होता की वाक्य तुमच्या आतून येऊ दे. वीस वर्षं ज्यांना वाक्य बाहेरून, दिव्यासकट मिळालं, त्यांना हे आमंत्रण नव्हे, अपमान वाटला असणार.

पुढचा मुख्य दिग्दर्शक झाला निकोलाय गुबेंको. तागांकाच्या ‘भल्या बाई’त वैमानिकाचं काम केलेला, नंतर सिनेमात गेलेला आणि विसोत्स्कीच्या मृत्यूनंतर परतलेला नट. याने खुर्ची घेतली तीच मुळी परत देण्यासाठी. त्याने बंद पडलेली नाटकं पुन्हा उभी केली, वर खटपटी केल्या, 1988 मध्ये ल्युबिमोवला भेटीसाठी आणवलं. ‘गोदुनोव’ आणि विसोत्स्कीवरचं नाटक खुलं झालं. 1989 मध्ये नागरिकत्व परत मिळालं, ल्युबिमोव पुन्हा त्याच खुर्चीवर. गुबेंको त्याच वर्षी सोव्हिएत संघाचा संस्कृतिमंत्री झाला, आणि शेवटचा ठरला, कारण दोन वर्षांत देशच संपला.

इथे चित्रपट संपायला हवा होता.

पण ल्युबिमोव पाच-सहा वर्षं पश्चिमेत राहून आला होता. तिथे कायम पगारी संच नसतो. नाटकापुरता करार असतो. त्याला तागांकात तसेच करार हवे होते, कोणाला ठेवायचं आणि कोणाला नाही हे ठरवायची मोकळीक हवी होती. शिवाय तो वर्षातला बराच काळ परदेशातच काम करत होता. आणि हे कधी? तर किमती दर महिन्याला उड्या मारत असताना, पन्नाशीतल्या नटाला दुसरीकडे काम मिळायची शक्यता नसताना. नटांना भीती वाटली, तिला गुबेंकोने तोंड दिलं. सभा, आरोप, न्यायालय. शेवटी 1993 मध्ये नटांचा मोठा गट फुटून ‘तागांका नटांचं सहजीवन’ असं वेगळं थिएटर झालं, आणि लाल विटांची नवी वास्तू त्यांना मिळाली. भिंत उघडून शहर दाखवणारा तो रंगमंच आता ल्युबिमोवचा नव्हता. त्याच्याकडे उरलं जुनं सिनेमागृह.

कोण कुठे गेलं ते बघा. त्याच्यावरच्या निष्ठेपायी एफ्रोसला सोडून गेलेला फिलातोव आता गुबेंकोबरोबर, म्हणजे ल्युबिमोवच्या विरोधात. एफ्रोसबरोबर राहिल्यामुळे फितूर ठरलेला झोलोतुखिन मात्र ल्युबिमोवबरोबर. ज्यांना इतिहासात नायक आणि खलनायक वेगवेगळ्या रांगांत बसलेले आवडतात त्यांनी तागांकाचं तिकीट काढू नये.

या फुटीत बाजू घ्यायची तर मी कलेच्या बाजूने ल्युबिमोवची घेईन आणि माणसांच्या बाजूने नटांची, आणि हे उत्तर कोणालाच पटणार नाही हे मला माहीत आहे. पण एक मुद्दा उरतोच. सरकार नावाची समोरची भिंत पडल्यावर तागांकात दोनच पक्ष उरले: ज्याच्या हातात टॉर्च आहे तो, आणि ज्यांच्यावर ती रोखलेली आहे ते. इतकी वर्षं दोघंही एकाच दिशेला तोंड करून उभे होते म्हणून हे दिसलं नव्हतं.

त्यानंतरच्या अठरा वर्षांत ल्युबिमोवने नव्या नटांना घेऊन भरपूर काम केलं. ‘झिवागो’ आता उघडपणे, दोस्तोयेव्हस्की, ‘मारा-साद’, गटेचा ‘फाउस्ट’. लय अजूनही कडक, गाणी अजूनही आहेत. जून 2011 मध्ये प्राग इथे ‘भल्या बाई’चा प्रयोग होता. त्याच नाटकाचा, ज्याने सुरुवात झाली. तालमीआधी नटांनी मानधनाची मागणी केली. आधी पैसे, मग तालीम. ल्युबिमोव पैसे द्यायला सांगून निघून गेला आणि राजीनामा दिला. ज्या नाटकात एका भल्या बाईला जगात चांगलंही राहता येत नाही आणि उपाशीही मरता येत नाही, त्याच नाटकाच्या तालमीत हे व्हावं.

खुर्चीवर आला झोलोतुखिन. सगळ्या फाटाफुटींत सगळ्यांबरोबर राहिलेला, कोणालाच पूर्ण सोडू न शकलेला माणूस. दोन वर्षंही पुरी झाली नाहीत; मार्च 2013 मध्ये तो आजारपणात गेला. त्यानंतर व्लादिमीर फ्लेइशर कारभारी म्हणून आला, आणि पन्नासाव्या वर्षानिमित्त तरुण दिग्दर्शकांच्या एका गटाला थिएटरच्या इतिहासावर काम करायला बोलावलं. त्यांनी पूजा न मांडता भूतकाळ खोदायला घेतला. जुने नट चिडले. 2015 पासून सूत्रं इरिना आपेक्सिमोवा या अभिनेत्रीकडे आली. 2020 मध्ये गुबेंको वारला, आणि त्यानंतर मॉस्कोच्या प्रशासनाने दोन्ही तागांका पुन्हा एक करायचं ठरवलं. फूट पाडताना इतकी भांडणं झाली. जोडताना प्रशासनाचा एक निर्णय पुरला, कारण भांडणारी माणसं आता उरली नव्हती.

तागांका सोडल्यावर ल्युबिमोवने त्याच्या जुन्या, म्हणजे नट म्हणून सुरुवात केलेल्या वाख्तांगोव थिएटरात दोस्तोयेव्हस्कीचं ‘सैतान’ बसवलं, बोल्शोईत ‘प्रिन्स इगोर’ हा ऑपेरा केला. 5 ऑक्टोबर 2014 रोजी, सत्त्याण्णव वर्षांचा होऊन, तो गेला. अंत्यदर्शनासाठी त्याला तागांकात आणलं नाही. मॉस्कोने रांग लावली ती वाख्तांगोवच्या दारात.